तो माझ्या कपाळाकडेच का बघायचा

आमचा मुलगा १० नोव्हेंबरला झाला. तारीख दिली होती १९ जानेवारीची. तीस आठवड्यांचं बाळ, वजन १३५० ग्रॅम. पहिले आठ दिवस त्याला काचेच्या पेटीबाहेरूनच बघितलं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात गाऊन. माझ्या चेहऱ्यातले उघडे होते ते फक्त डोळे.

मग कांगारू केअर सुरू झालं. उघड्या छातीवर त्याला उभा धरायचा, वरून शाल. सिस्टर गुजराती होत्या. रोज सांगायच्या, ‘बेन, वात करो एनी साथे.’ म्हणजे, ताई, याच्याशी बोला. मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरच्या गोष्टी त्याला सांगत बसायचे. पोटात असताना ऐकलेला आवाज बाळ ओळखतं, हे माहीत होतं, त्याचाच आधार होता. पण छातीवर असला की त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली. ना मला त्याचा चेहरा दिसे, ना त्याला माझा. मी पर्समधला छोटा आरसा धरून त्याचे बंद डोळे बघत राहायचे.

डोळ्यांची तपासणी आमच्याकडून राहूनच जात होती. फाइलमध्ये आरओपी असं लिहिलेलं होतं, पण ते काय हे कुणी समजावलं नाही. सव्विसाव्या दिवशी मी स्वतः विचारलं, तेव्हा धावपळ झाली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात; त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून नजर जाऊ शकते. यालाच आरओपी म्हणतात. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत करायची असते. बाळ फारच लहान असेल तर त्याहून लवकर. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, मग पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा. तो रडत होता आणि मी बाहेर उभी होते. दर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. सुदैवाने उपचारांची वेळ आली नाही.

डिसेंबरअखेर घरी आलो. फेब्रुवारीत आत्या आल्या. त्याला मांडीवर घेऊन म्हणाल्या, ‘अगं, तीन महिन्यांचा झाला ना? डोळ्यांत बघतच नाही. कपाळाकडे बघतो नुसता.’ खरंच होतं ते. माझ्या कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथेच त्याची नजर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जन्मतारखेने मोजू नका. दहा आठवडे वजा करा. तीन महिन्यांचा दिसणारा तुमचा मुलगा जेमतेम तीन आठवड्यांचा आहे. याला करेक्टेड एज म्हणतात, साधारण दोन वर्षांपर्यंत विकास असाच मोजतात. (लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. माझा इथे गोंधळ होत होता.) दुसरी गोष्ट ऐकून माझ्या जिवात जीव आला. एवढ्या लहान बाळाची नजर काळं-पांढरं जिथे भेटतं त्या कडेवर खिळते. काळे केस आणि कपाळ यांची रेघ म्हणजे त्याच्यासाठी आईच्या चेहऱ्याची खूण. आई आणि परकी बाई, दोघींनी केस स्कार्फखाली झाकले की चार दिवसांचं बाळही आईचा चेहरा ओळखेनासं होतं, असा प्रयोग झालेला आहे.

मला टोपी आठवली. सहा आठवडे मी नेमकी तीच रेघ झाकून त्याच्यासमोर उभी होते.

त्यानंतर दूध पाजून झालं की मी त्याला हातभर नाही, वीतभर अंतरावर धरायचे. तेवढ्यावरच त्याला नीट दिसतं. केस रोज एकाच पद्धतीने मागे बांधलेले, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर. आधी नाव घ्यायचे, मग गप्प राहून वाट बघायची. तो थकून मान फिरवायचा, तेव्हा सोडून द्यायचे. वेळेआधी जन्मलेली बाळं लवकर दमतात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेला असताना, त्याची नजर कपाळावरून हळूच खाली आली. भुवया, मग डोळे. तिथे थांबली. आणि तोंड वाकडं करून तो हसला. करेक्टेड वय सात आठवडे. सासूबाईंना हाक मारायलाही मला सुचलं नाही.