तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही घ्यायचा की व्हीआरची वाट बघायची?

मी एडिटिंग करतो हे कळलं की लग्नात, मुंजीत कोणीतरी गाठतंच, काय हो, नवीन टीव्ही आत्ता घ्यावा की थांबावं, पुढे सगळं व्हीआरमध्येच येणारे ना? तर घ्या बिनधास्त. व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावला की आजूबाजूला दिसणारं आभासी जग, चालणारच नाही असं नाही म्हणत मी, पण "आता पिक्चर बघायचा नाही, पिक्चरच्या आत शिरायचं" असं जे दहा वर्षांपूर्वी सगळीकडे चाललं होतं ना, ते काही मला होताना दिसत नाही.

२०१४ ला फेसबुकने ऑक्युलस ही व्हीआर हेडसेट बनवणारी कंपनी घेतली, दोन अब्ज डॉलरला वगैरे, मग त्यांनी व्हीआर फिल्म बनवायला स्वतःचा स्टुडिओ काढला, त्यांच्या 'हेन्री'ला २०१६ मध्ये एमी मिळालं आणि पुढच्याच वर्षी स्टुडिओ बंद! त्याच २०१७ मध्ये मेक्सिकन दिग्दर्शक इन्यारितूच्या 'कार्ने इ आरेना' या व्हीआर कलाकृतीला खास ऑस्कर मिळालं. त्यात तुम्ही हेडसेट लावून अनवाणी खऱ्या वाळूवर चालता, आजूबाजूला अमेरिकेची बॉर्डर ओलांडणारी माणसं. भारीच कल्पना आहे, पण व्हीआरचा भाग जेमतेम सहा-साडेसहा मिनिटांचा आणि आत एका वेळी एकच माणूस. आता याचा शुक्रवारचा शो कसा लावणार सांगा.

आणि माझ्या धंद्याचं बोलायचं तर आमचं निम्मं काम म्हणजे तुम्ही कुठे बघायचं ते आम्ही ठरवणं. क्लोजअप टाकला की तुम्हाला तो चेहरा बघावाच लागतो. व्हीआरच्या ३६० अंशांत, म्हणजे चारी बाजूंना चित्र असताना, हिरोईन समोर रडतीये आणि तुम्ही मागे वळून पंखा बघताय, करा काय करायचं ते. लाइट्स, बूम (काठीवरचा माइक), युनिट सगळं लपवायचं, कारण कॅमेऱ्याच्या मागे अशी जागाच नाही उरत. कॅमेरा पळवला की डोळे म्हणतात आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, मग मळमळ. ॲपलने त्यांच्या इमर्सिव्ह व्हिडिओत १८० अंशच, म्हणजे फक्त समोरची अर्धी बाजूच, ठेवलेत ते मला उगाच नाही वाटत.

मात्र हेडसेटमध्ये साधा, चौकोनी पिक्चर भल्यामोठ्या पडद्यावर बघणं, हे मस्त आहे, खरंच. विमानात, हॉस्टेलवर, वन आरकेमध्ये जिथे भिंतच नाही टीव्हीला, तिथे हे चालणार असं माझं मत आहे. पण ॲपलचा हेडसेट व्हिजन प्रो आला तेव्हा ३,४९९ डॉलर आणि वजन सहाशे ग्रॅमच्या वर, तीन तासांचा पिक्चर बघून मानेचं काय होईल बघा. आणि घरात चार माणसं असली तर चार हेडसेट घेणार का? थ्रीडी टीव्हीला साधा चष्मा लागायचा, तोही लोकांना नको झाला, सोनी आणि एलजीने २०१७ ला तो प्रकार थांबवला.

मला स्वतःला यातून काय हवंय सांगू? नाटक. एकच जागा, पहिली रांग, कट नाही, १८० अंश पुरतात, आणि रंगमंचावर कोणाकडे बघायचं हे तसंही प्रेक्षकच ठरवतो. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेल्या माणसाला गडकरी रंगायतनची तिसरी घंटा ऐकू येऊन पडदा वर गेला तर तो तिकीट काढेल की नाही? कोणी निर्माता तयार असेल तर एडिट मी करून देतो, तसंही त्यात करायला फारसं काही नसणारच.