सात तास की आठ?

परवा एका मित्राला लंडनहून न्यूयॉर्कला जायचं होतं, त्याने विचारलं किती तास लागतात रे, म्हटलं थांब बघतो. ऑनलाईन टाकलं तर आलं, अंतर साधारण 5,550 किलोमीटर, वेळ सात तास. तिकिटावर बघितलं तर निघणार सकाळी 11 ला, पोचणार दुपारी 2 ला. तो खूश, अरे तीनच तास! मग त्याला सांगावं लागलं की बाबा दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या आहेत, न्यूयॉर्क पाच तास मागे आहे, म्हणजे झाले आठ.

मग सात कुठून आले? तर त्या साइट्स बहुतेक सरळ भागाकार करतात, अंतर भागिले ताशी 800-900 किलोमीटर, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास, झालं. वाऱ्याचा हिशोबच नाही! आणि खरी गंमत तर वाऱ्यातच आहे. विमान उडतं 10-11 किलोमीटर उंचीवरून आणि साधारण तिथेच जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी कधी ताशी 200 च्याही वर. त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो आणि लंडनला परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास तासभर तरी कमी. एकदा असंच पूर्वेकडे येताना समोरच्या स्क्रीनवर स्पीड 1,080 दिसला, मी उगाचच शेजारच्याला दाखवला, तो झोपेत होता बिचारा. फेब्रुवारी 2020 मध्ये तर वादळी वाऱ्यामुळे एक साधं प्रवासी विमान पाच तासांच्या आत न्यूयॉर्कहून लंडनला पोचलं होतं.

शिवाय तिकिटावरचा वेळ म्हणजे नुसता हवेतला वेळ नसतो हे लोक विसरतात. विमान गेटवरून हललं तिथपासून पलीकडच्या गेटला उभं राहिलं तिथपर्यंत, म्हणजे रनवेच्या रांगेत ताटकळणंही त्यातच. त्यात कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्तीची वेळ धरून ठेवतात, म्हणून उशिरा निघालेलं विमानही कधी कधी टायमात पोचतं आणि आपण पायलटचं कौतुक करतो.

अंतराचंही तसंच. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजायला जाऊ नका. घरात पृथ्वीगोल असेल तर टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा, तो पॅसिफिकच्या मधून न जाता पार वर अलास्कावरून जातो, आणि हाच सगळ्यात जवळचा रस्ता. सपाट नकाशावर तीच रेष वाकडी दिसते, मग वाटतं हा पायलट कुठून फिरवतोय! मी हा प्रयोग शिवणाच्या दोऱ्याने केला, दोरा सारखा घसरत होता, शेवटी चिकटपट्टी लावली.

मित्राने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते ठीक आहे, पण घ्यायला येणाऱ्याला किती वाजता बोलावू?

म्हटलं, तीनला सांग. इमिग्रेशनची रांग मी धरलीच नव्हती.