जानापावहून मानच्या पात्रात

इंदूरहून महू ओलांडलं की तासा-दीड तासात जानापाव येतं. उंची सुमारे ८५० मीटर. चंबळ इथे उगम पावते आणि नर्मदा दक्षिणेला इतकी जवळ असूनही तिच्याकडे पाठ फिरवून यमुनेच्या वाटेला लागते. वर उभं राहिलं की कारण कळतं: माळव्याचं पठार उत्तरेकडे हलकेच उतरतं, दक्षिणेला मात्र विंध्याचा कडा एकदम तुटतो. खालचं नर्मदेचं खोरं प्रस्तरभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगांच्या, पट्ट्यात आहे. ते भंग नकाशावर घ्यायचे तर बेसॉल्टखालचे (लाव्हाच्या काळ्या खडकाखालचे) थर उघडे हवेत, म्हणून घाट उतरून मनावर गावाच्या उत्तरेला मान नदीचं पात्र धरलं.

तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडी, त्याच्या वर लालसर-पिवळी कोरलाइन चुनखडी. हा क्रम भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली मांडला. कोरलाइन म्हणजे पोवळ्यांची, पण हे नाव फसवं आहे. दहापट भिंगाखाली पोवळी दिसत नाहीत. दिसतात ब्रायोझोआच्या, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांच्या, बारीक काड्या, अंगभर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असलेल्या.

एकच थर पुढे खालच्या पातळीला पुन्हा दिसला की भंगाची रेघ ओढण्याचा मोह होतो. आधी हिशेब करा. थराचा उतार फक्त ३° असला तरी त्या दिशेने ५०० मीटरवर तो २६ मीटर खाली जातो. १:५०,००० च्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) हे अंतर जेमतेम १ सेंटिमीटर! उतार वजा करून उरेल तेवढीच भंगाची घसरण. उंचीसाठी हातातल्या जीपीएसवर विसंबू नका. तो सहज दहा-पंधरा मीटर चुकतो, आणि छोटा भंग तेवढ्यातच बुडतो. हँड लेव्हलने (आडवी नजर साधणाऱ्या हातातल्या नळीने) पात्रातूनच उंची मोजत न्यावी. काठावरून घसरलेल्या शिळेवर तर उतार मोजूच नये. थर दोन्ही बाजूंना सलग दिसला पाहिजे.

बेसॉल्टची भित्ती (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत) जवळ असली की कंपासची सुई भरकटते. दोन ठिकाणांहून एकमेकांकडे रोखून वाचन घ्यावं. फरक १८०° आला नाही, तर जागा बदलावी.

चुरडलेला खडक आणि घासून गुळगुळीत झालेली, ओरखड्यांची भिंत जिथे प्रत्यक्ष दिसली, तिथे आम्ही भंगाची रेघ सलग काढली. काळ्या मातीच्या कापसाच्या शेतात शिरताच ती ठिपक्यांची, म्हणजे अंदाजाची, केली.