आमची वाटचाल : स्ट्रॉबेरीचा वास घडवताना

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. साबण, हँडवॉश, अगरबत्ती आणि मेणबत्त्या तयार करणाऱ्या लहान कारखानदारांना लागणारी सुगंधी मिश्रणे, ज्यांना या व्यवसायात सगळेच 'कंपाउंड' म्हणतात, ती आम्ही येथे करतो. 19 वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पतींनी हा उद्योग सुरू केला, तेव्हा मोगरा, चंदन, गुलाब आणि केवडा एवढ्या चार वासांवर आपले भागेल, असा आमचा अंदाज होता. आज आमच्या मालाचा मोठा हिस्सा स्ट्रॉबेरीचा आहे, आणि या धंद्यातले जे काही आम्हांला खऱ्या अर्थाने शिकता आले, ते बहुतांशी याच एका वासाने शिकवले.

दुसऱ्या वर्षी वसईच्या एका ग्राहकाने गुलाबी हँडवॉशसाठी स्ट्रॉबेरीची मागणी केली. मी रसायनशास्त्राची पदवीधर असूनही, संत्र्याचे किंवा लिंबाचे तेल मिळते तसे स्ट्रॉबेरीचेही मिळत असेल, असे गृहीत धरून प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका जुन्या व्यापाऱ्यांकडे गेले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, स्ट्रॉबेरीचं तेल नसतं. ते करावं लागतं." संत्र्याच्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात, त्या दाबल्या की तेल हाती येते. स्ट्रॉबेरीत तसे काहीच नाही. तिच्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते, वासाची द्रव्ये अत्यल्प असतात आणि उष्णता दिली की ताज्या फळाऐवजी शिजलेल्या मुरंब्याचा वास येऊ लागतो.

त्यांनी मला त्या दिवशी अल्डिहाइड सी-16 ची लहान बाटली दिली. हे द्रव्य 'स्ट्रॉबेरी अल्डिहाइड' या नावानेही ओळखले जाते, पण ते अल्डिहाइड नाही आणि त्याच्या रेणूत कार्बनचे 16 अणूही नाहीत. ते एक एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून होणारे संयुग आहे, त्यात कार्बनचे अणू 12 आहेत आणि त्याचे शास्त्रीय नाव एथिल मेथिलफेनिलग्लिसिडेट असे आहे. पीचच्या वासाच्या सी-14 ची आणि नारळाच्या वासाच्या सी-18 ची गोष्टही अशीच आहे, ती दोन्ही लॅक्टोन, म्हणजे वलयाकार एस्टर आहेत. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण बाटलीवरच्या नावावर विसंबून शिकायला लागले की पुढे फार अडचण होते.

सी-16 स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि हुंगताक्षणी ओळखू येते. मात्र जे ओळखू येते ते फळ नसून शाळेतले सुवासिक खोडरबर आणि पावडरीची जेली असते. ग्राहकाला ते पसंत पडले, पैसेही वेळेवर आले, पण मला स्वतःला समाधान वाटेना.

त्या जानेवारीत आम्ही क्रॉफर्ड मार्केटमधून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या चार पेट्या आणल्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि थंडीत पाचगणी, भिलारच्या बाजूने येणारा हा माल मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एक पेटी तासभर झाकून ठेवायची, झाकण किंचित उचलून पहिला वास घ्यायचा आणि वहीत लिहायचा, मग एक फळ देठासकट कुस्करून पुन्हा लिहायचा, असा आमचा दिवसभर उद्योग चालला होता. झाकणाखाली आधी गुळाच्या पाकासारखा उबदार गोडवा जाणवला, त्यामागून लोण्याचा हलकासा स्पर्श आला, आणि देठ चुरडताच नुकत्या कापलेल्या गवताचा हिरवा वास आला. कृत्रिम स्ट्रॉबेरीत नेमका हा हिरवा वासच नव्हता.

स्ट्रॉबेरीत साडेतीनशेहून अधिक गंधद्रव्ये नोंदवली गेली आहेत. त्यांतली मोजकीच निर्णायक असतात आणि त्यांत अग्रभागी आहे फ्युरॅनिऑल. याचे स्फटिक थेट हुंगले तर जळक्या साखरेचा वास येतो, पण पुरेसे पातळ केल्यावर त्याच द्रव्यातून पिकलेली स्ट्रॉबेरी उमलते. हेच द्रव्य पिकलेल्या अननसातही असते. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी उत्तर अमेरिकेतल्या आणि चिलीतल्या दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात निर्माण झाली, आणि तिचा वास अननसासारखा वाटल्यामुळे तिच्या शास्त्रीय नावात 'अननासा' हा शब्द आला. फ्युरॅनिऑलचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या नाकाने हे नाते ओळखले होते, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

फ्युरॅनिऑलभोवती आम्ही बाकीची रचना बांधली. रसाळ, आंबटगोड टवटवीतपणासाठी एथिल ब्युटिरेट, हिरव्या देठासाठी सिस-3-हेक्सेनॉल, मऊ गरासाठी गॅमा डेकॅलॅक्टोन आणि म्हातारीच्या केसांसारख्या गोडव्यासाठी एथिल माल्टॉल असे ते घटक होते. ब्लॉटरच्या, म्हणजे वास टिपणाऱ्या कागदाच्या पट्ट्या पाच मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगायच्या, हा आमचा परिपाठ झाला. हिरवा वास जरा जास्त झाला की काकडी वाटे, कमी झाला की पुन्हा खोडरबर. अनेक महिन्यांनी मनासारखे मिश्रण साधले, तेव्हा ते आमच्या जुन्या ग्राहकाला मोठ्या उत्साहाने दाखवले. त्यांनी पट्टी दोनदा हुंगली आणि सांगितले, "वास छान आहे, पण ही स्ट्रॉबेरी नाही." त्यांचे चुकत नव्हते. त्यांच्या मनातली स्ट्रॉबेरी आइस्क्रीममधली होती, आणि त्यांचा माल घेणाऱ्या बहुतेकांचीही तीच होती. तेव्हापासून आम्ही दोन्ही प्रकार ठेवतो, आणि ग्राहकाने कोणता घ्यावा याचा आग्रह धरत नाही. माझे स्वतःचे मत मात्र ताज्या फळाच्या बाजूने आहे.

मोठे नुकसान वासाने नव्हे, रंगाने केले. एका पावसाळ्यात भरून ठेवलेल्या पिंपाचे आतले अस्तर खरवडले गेले होते. एथिल माल्टॉलचा लोखंडाशी संबंध आला की गडद लालसर रंग येतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते, तरी पिंप तपासायचे राहिले. सगळा माल लालसर झाला. शुभ्र साबणासाठीचा तो माल आम्हांला परत घ्यावा लागला आणि पुढचे सहा महिने हप्ते ओढून भरावे लागले. आता असे मिश्रण आमच्याकडे फक्त प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरले जाते, आणि पांढऱ्या साबणासाठीच्या मिश्रणात व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन घातले जात नाही, कारण त्याने साबण हळूहळू तपकिरी पडतो. साबणाच्या क्षारात एथिल ब्युटिरेटसारखी नाजूक एस्टरेही तुटतात आणि टवटवीतपणा निघून जातो, म्हणून साबणाची स्ट्रॉबेरी वेगळी घडवावी लागते. अगरबत्तीसाठी तिसरी रचना आहे, कारण तिथे वास जळल्यानंतर कसा येतो, याला महत्त्व असते.

दर जानेवारीत आम्ही अजूनही पेट्या आणतो. या वर्षी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला डोळे मिटून आधी झाकलेली पेटी आणि मग आमच्या ताज्या फळाच्या मिश्रणाची पट्टी दिली. तिने वहीत एकच शब्द लिहिला, 'देठ', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. पट्टी पुन्हा हुंगून पाहिली, तेव्हा तिचे म्हणणे पटले. गेल्या काही बॅचमध्ये हिरवा वास मागे पडत गेला होता. सिस-3-हेक्सेनॉलचे प्रमाण थोडे वाढवून नवा नमुना केला आहे, आणि तो सध्या वजनकाट्याशेजारी दुसऱ्या दिवशीच्या हुंगण्याची वाट पाहत ठेवला आहे.