पितळेचा होल्डर आणि हिऱ्याचा थर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं जॉबवर्क आहे, दोन लेथ, एक मिलिंग, हायड्रोलिकचे पार्ट हेच रोजचं. गेल्या पावसाळ्यात एका लॅबमधला पोरगा आला, काका प्लाझ्मात, म्हणजे विजेनं पेटवलेल्या वायूत, हिऱ्याचा थर वाढवायचाय, इलेक्ट्रोडचा होल्डर करून द्या म्हणाला. हायड्रोजनमध्ये टक्काभर मिथेन सोडायचा, प्लाझ्मा पेटवायचा, की ७०० ते ९०० अंशाला तापलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर कार्बन हिरा होऊन बसतो, आणि सोबत जे ग्रॅफाइट तयार होतं ते हायड्रोजनचे सुटे अणू खाऊन टाकतात म्हणे.

आता हाताशी पितळेचा बार होता, लोण्यासारखा कापतो, मी पितळेचाच करून दिला. आठ दिवसांनी पोरगं तोंड पाडून हजर. चेंबरची काच आतनं करडी झालेली! पितळेत जस्त असतंय, व्हॅक्यूममध्ये तापलं की ते वाफ होऊन उडतं आणि मिळेल तिथं बसतं, थरात पण. चूक माझीच, बिल घेतलं नाही.

मग त्यानं मॉलिब्डेनम धातू आणला. वितळायला २६२३ अंश लागतात म्हणून भारी, पण लेथवर नुसता छळ, कड तुटते, टूल झिजतं. इलेक्ट्रोडसाठी मी आमच्या टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टनच्या कांड्या पुढं केल्या तर त्यात थोरियम, किरणोत्सर्गी धातू, असतंय म्हणून नको म्हणाला, हिरव्या टोकाची शुद्ध टंगस्टन घेतली. टंगस्टन ३४२२ अंशापर्यंत वितळत नाही, मला वाटलं आता काय चिंता नाही. पण टिगला आरगॉन वायू असतो, तो धातूला काही करत नाही, इथं मिथेनमधला कार्बन धातूत शिरतो आणि वरनं कार्बाइड, म्हणजे धातू आणि कार्बनचं ठिसूळ संयुग, होतं. वापरलेली कांडी त्यानं दाखवायला आणली होती, मी जरा वाकवून बघायला गेलो तर खडूसारखी कट्टकन मोडली की हातात.

तांबं कार्बनशी कार्बाइड करत नाही, पण १०८५ अंशाला वितळतं, म्हणजे मागनं सतत पाणी फिरवायला पाहिजे.

कुठलाही धातू घ्या, थोडा झिजून हिऱ्यात जातोच, म्हणून आता त्याला मायक्रोवेव्हची पद्धत पाहिजे, २.४५ गिगाहर्ट्झ, घरातल्या ओव्हनचीच फ्रिक्वेन्सी, आत इलेक्ट्रोडच नाही. मी म्हटलं मग आमचं काम संपलं की रे. तर त्यानं खिशातनं स्टेनलेसच्या चेंबरचं ड्रॉइंग काढलं, कोटेशन अजून द्यायचंय.