तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पीसीवर विंडोज ११ बसतं का?

लग्नात, दुकानात, परवा तर सोलापुरात सात रस्ता चौकात सिग्नलवर गाडी थांबवली तिथंसुद्धा हाच प्रश्न. "आमच्याकडं तो जुना कॉम्प्युटर आहे बघा, त्याच्यावर नवीन विंडोज बसंल का, का देऊन टाकू भंगारात?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तर जास्तच. मी काही इंजिनिअर नाही, अकाउंट्सचं काम करतो, पण घरातले आणि पाव्हण्यारावळ्यांचे मिळून दहा-बारा पीसींचे डबे तरी उघडलेत, त्या जोरावर सांगतो.

बसतं हो. पण बसवलं म्हणून पळंलच असं नाही, आणि तुम्हाला खरं म्हणजे तो पळायला पाहिजे असतो, विंडोज कितवं आहे ह्याचं कुणाला पडलेलं नसतं.

आमच्या काकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला. ऑफिसातला पीसी २०१२ चा, इंटेलचा सेकंड जनरेशन, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि विंडोज ७ वर कुणीतरी नंतर १० टाकून दिलेलं. काका सकाळी बटण दाबून माग बघायला जायचे, एक चक्कर मारून आले तरी तो गोल गोल फिरतच असायचा. मी टास्क मॅनेजर (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून दाखवला, प्रोसेसर आठ टक्के आणि डिस्क शंभर टक्के. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्ककडं तोंड करून वाट बघतोय. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि त्यावर सुई इकडंतिकडं पळते, आणि विंडोज १० ला एका वेळी हजार बारीक बारीक फाइली लागतात, तर ती सुई पळून पळून पळणार किती?

मग डबा उघडला. (सीपीयू म्हणजे खरं तर नुसता प्रोसेसर, पण आपल्याकडं सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, म्हणू द्या.) आत फॅन दिसतच नव्हता. सुताची बारीक रुई बसून बसून हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) अक्षरशः नमदा तयार झालेला, बोटानं धरून ओढला तर अख्खा निघाला, चौकोनी, खाली फॅनच्या पात्यांचा ठसा उठलेला. मे महिन्यात सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला जातं आणि वर हे पांघरूण, प्रोसेसर तापला की स्वतःच आपला स्पीड कमी करतो, मग लोक म्हणणार व्हायरस आलाय. ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा गोल सेल बदलला. हा सेल संपला की घड्याळ मागं जातं आणि तारीख चुकली की ब्राउझर बँकेची साइट, जीएसटीची साइट, काहीच धड उघडू देत नाही. एका साध्या सेलसाठी लोकांनी फॉरमॅट मारून घेतलेलं मी बघितलंय!

मग हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची साधी साटा एसएसडी (तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, हार्ड डिस्कच्याच साटा पोर्टला लागणारी) आणि चाराची आठ जीबी रॅम. तेव्हा तीन हजाराच्या आतबाहेर खर्च आला. त्या बोर्डाचं पोर्ट जुन्या स्पीडचं आहे, एसएसडी पूर्ण वेगानं चालतच नाही त्यावर, तरी पण काही फरक पडत नाही कारण फायदा तबकडी-सुई गेल्याचा असतो.

इथं माझी एक चूक सांगतो. माझ्या स्वतःच्या पीसीला मी हौसेनं एनव्हीएमई एसएसडी (नव्या बोर्डांच्या वेगळ्या स्लॉटमध्ये बसणारी) आणली, जास्त फास्ट म्हणून. जुन्या बोर्डाला त्याचा स्लॉटच नाही. मग कार्ड आणून त्यात बसवली, विंडोजमध्ये दिसली पण, पण बायोसला (पीसी चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ती ओळखीचीच नाही त्यामुळं तिच्यावरून बूट होईना. पैसे गेले ते गेले, वर बायको विचारते आज पण रात्री जागणार का.

आता विंडोज ११ चं. कंपनीला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) पाहिजे, आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. काकांच्या पीसीत ह्यातलं काहीच नाही. रुफस नावाच्या फुकट प्रोग्रामनं विंडोज बसवायचा पेन ड्राइव्ह बनवताना ह्या अटी काढून टाकता येतात आणि मग बसतं, पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, परत पेन ड्राइव्ह घेऊन बसा. आणि कोर टू ड्युओ ह्या त्याहून जुन्या प्रोसेसरवाल्यांनी तर नादच सोडा, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला काही सूचना कळाव्याच लागतात, त्या त्याला येत नाहीत, चालूच होत नाही.

काकांकडं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजवर चालतं, म्हणून विंडोजच ठेवावं लागलं. पण ज्यांना फक्त यूट्यूब, मेल, पोरांचे फॉर्म भरायचे त्यांना मी सरळ लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून देतो. माझ्या मावशीला दोन महिने कळलंच नाही की हे विंडोज नाही, ती म्हणे मेनूचा रंग बदलला का रे.

आणि काही करायच्या आधी डेटा बाहेर काढा, त्यातही श्रीलिपी किंवा कृतिदेव ह्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर फॉन्टसकट काढा, नाहीतर नवीन मशीनवर सगळा मजकूर चिनीत लिहिल्यासारखा अगम्य दिसतो आणि दोष मला येतो.

बाकी मला विचारायचं असेल तर मॉडेल पाठवा, पण मॉनिटरचा फोटो नको, रोज येतो एक तरी. डब्याचं डावीकडचं झाकण काढा, बोर्डावर नाव छापलेलं असतं तिथं धरून फोटो काढा. आधी रुई झाडा, नाव तिच्याखाली असतं.