कळसातलं एक मिलिमीटर

रविवार, रात्र

वहिनींच्या देव्हाऱ्याचा कळस मानेतच मोडला होता. "भाऊजी, चिकटवून देता का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नवाच करतो. सागवानाची ती मान जेमतेम 4 मिमीची, तिथे नुसता फेविकॉल टिकत नाही. कळस दोन तुकड्यांत करायचा आणि आत पितळेची तार घालायची. तार भांडीबाजारातून आणून ठेवलेली होतीच. म्हणजे लाकडाच्या टोकावर, बरोबर मधोमध 1 मिमीचं भोक. सुट्टीचा दिवस त्यातच गेला आणि फार छान गेला.

1 मिमीचं नेहमीचं ड्रिल 34 मिमी लांब असतं, पण त्यावर चर असतात फक्त 12 मिमी. सगळं गणित या बारामध्ये. त्यापलीकडे गेलं की भुशाला बाहेर यायला वाट नाही. ड्रिल आत आवळतं आणि तुटतं. म्हणून खोली 8 मिमी धरली. पिन व्हाइसमधून, म्हणजे बारीक ड्रिल पकडायच्या छोट्या दांड्यातून, ड्रिल गरजेपुरतंच बाहेर काढलं. बाहेरची लांबी निम्मी केली की ड्रिल आठपट ताठ होतं, एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मी ड्रिलं वाचतात.

खरं काम पहिल्या अर्ध्या मिलिमीटरात असतं. लेथवर लाकूड फिरतं, ड्रिल जागेवर असतं. टोक मध्यापासून जरा जरी हललं तर लाकूड त्याला गरागरा ओढत नेतं आणि दर फेऱ्याला वाकवतं. त्यातून सागवानात वर्षवलयं ठळक, एक पट्टा भोकाळ, पुढचा कठीण. ड्रिल आपोआप मऊ बाजूला झुकतं. म्हणून आधी स्क्यू पटाशीच्या (तिरप्या धारेच्या) टोकाने मधोमध बारीकशी खळी घेतली. खळी बरोबर मध्यावर आली की नाही ते बघायला सोपं आहे: मध्ये बारीक टेंगूळ उरलं असेल तर नाही आली.

मग पिन व्हाइसचा दांडा टेलस्टॉकच्या (लेथच्या समोरच्या टोकाचा सरकता भाग) चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला, पण जबडे आवळले नाहीत. दांडा मागेपुढे सरकेल पण डोलणार नाही, इतपतच. पुढे ढकलायचं ते चिमटीने. टेलस्टॉकच्या चाकाला खूप जोर असतो, आणि त्या जोरात ड्रिल अडलंय हे हाताला कळतच नाही. चिमटीला लगेच कळतं. मिलिमीटरभर आत, बाहेर, भुसा ब्रशने झटकला, पुन्हा आत. चरात भुसा पिठासारखा गच्च बसलेला दिसला की समजायचं, मघाशीच बाहेर काढायला हवं होतं.

बारीक ड्रिल म्हणजे लेथ हळू, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. 10 मिमीचं ड्रिल मिनिटाला 600 फेऱ्यांना कडेवर जो वेग घेतं, तोच 1 मिमीच्या ड्रिलला मिळायला 6000 फेरे लागतात. माझं लेथ तिथवर जात नाही, म्हणून जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं जोरात चालवलं. हळू फिरवलं की हात नकळत जोर लावतो, आणि बारीक ड्रिल मोडतं ते जोरानेच.

भोक आधी, आकार नंतर. ठोकळा जाड असेपर्यंत तो थरथरत नाही; मान बारीक केल्यावर भोक पाडायला गेलं की ती फाटते. तार बसली, कळस सरळ उभा राहिला. पॉलिश उद्या संध्याकाळी कामावरून आल्यावर. खालच्या तुकड्यातलं भोक मात्र थोडं खोल घ्यायला हवं, डिंकाला जागा राहत नाहीये.